जोडलेली वाद्ये मौन का पाळतात? मिडी आणि यूएसबी जोडणीविषयी मार्गदर्शन



आज बहुतेक धर्मग्रामांच्या गायकवृंदांकडे एकाहून अधिक इलेक्ट्रॉनिक वाद्ये असतात. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी घेतलेला एखादा दणकट कीबोर्ड, एखाद्या कुटुंबाने आपल्या दिवंगत आप्ताच्या स्मरणार्थ अर्पण केलेला नवा डिजिटल पियानो आणि गायकवृंदातील कोणा तरुणाचा लॅपटॉप अथवा टॅबलेट, असा हा संसार असतो. जुन्या वादकाचा हात जुन्या कीबोर्डाच्या पट्ट्यांवर बसलेला असतो, ऑर्गनचा उत्तम नाद मात्र नव्या वाद्यात असतो. तेव्हा दोन्ही वाद्ये जोडावीत आणि जुन्या पट्ट्यांवरून नवा नाद काढावा, अशी इच्छा होणे स्वाभाविक आहे. बाजारातून यूएसबी केबल आणली जाते, जोडली जाते, आणि काहीही घडत नाही. आवाज येत नाही आणि चूक कोठे आहे हे सांगणारी सूचनाही कोठे दिसत नाही.

यानंतर काय होते, हे आम्ही अनेक ठिकाणी पाहिले आहे. जुने वाद्य 'बिघडले' असे ठरते आणि ते साक्रिस्तीच्या कपाटावर किंवा माळ्यावर जाते. नवे वाद्य घेण्याचा विषय धर्मग्राम परिषदेपुढे येतो. भाविकांच्या दानातून हजारो रुपये खर्च होतात आणि नव्या वाद्याची जोडणी करतानाही तीच अडचण पुन्हा उभी राहते. वस्तुतः अशा प्रसंगी बहुधा कोणतेच वाद्य बिघडलेले नसते. दोन्ही वाद्ये धडधाकट असतात, परंतु त्यांच्यामध्ये संभाषण सुरू करून देणारा कोणी नसतो. ही एक गोष्ट नीट उमगली की निम्म्याहून अधिक अडचणी घरच्या घरी सुटतात. म्हणूनच प्रस्तुत लेखात हा विषय सोप्या शब्दांत मांडण्याचा आम्ही प्रयत्न केला आहे.

मिडी म्हणजे काय?

मिडी हे 'म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस' या नावाचे संक्षिप्त रूप होय. १९८० च्या सुमारास प्रत्येक कंपनीचे इलेक्ट्रॉनिक वाद्य आपापल्याच भाषेत बोलत असे. एका कंपनीचे वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्यास जोडणे अत्यंत जिकिरीचे होते. जपानमधील रोलँड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेतील सिक्वेन्शियल सर्किट्स कंपनीचे डेव्ह स्मिथ यांनी अन्य वाद्यनिर्मात्यांना सोबत घेऊन एक सामाईक भाषा ठरवण्यात पुढाकार घेतला. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील नॅम या वाद्यप्रदर्शनात प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६ ही दोन भिन्न कंपन्यांची वाद्ये एका केबलने जोडून दाखवण्यात आली. एकावर बोटे फिरली आणि दुसरे वाजू लागले. ही भाषा कोणाच्याही मालकीची न ठेवता सर्वांना खुली ठेवण्यात आली, म्हणूनच ती जगभर रुजली. या कार्यासाठी काकेहाशी आणि स्मिथ यांना २०१३ साली टेक्निकल ग्रॅमी हा सन्मान लाभला.

येथे एक गोष्ट ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. मिडीच्या तारेतून आवाज वाहत नाही, केवळ आज्ञा वाहतात. अमुक पट्टी दाबली, इतक्या जोराने दाबली, आता सोडली, पायाचा पेडल खाली गेला, अशा त्या आज्ञा असतात. स्वरलिपीच्या कागदातून जसा नाद निघत नाही, तो वाचून गायकाने गावे लागते, तद्वतच मिडीची आज्ञा वाचून समोरच्या वाद्याने आपला स्वतःचा आवाज काढावा लागतो. म्हणून मिडीची जोडणी पूर्ण झाल्यावरही, ज्या वाद्यातून नाद निघणार आहे त्या वाद्याची ध्वनीची तार मंदिरातील मिक्सरपर्यंत वेगळी न्यावीच लागते. ही तार विसरली गेल्यामुळे 'मिडी चालत नाही' असा निष्कर्ष निघाल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

मूळ मिडी केबलला पाच पिनांचा गोल प्लग असतो. तिच्यातून माहिती एकाच दिशेने जाते. आज्ञा देणाऱ्या वाद्याच्या 'आउट' खाचेतून निघून ती आज्ञा ऐकणाऱ्या वाद्याच्या 'इन' खाचेत पोहोचते. तिसरी 'थ्रू' नावाची खाच असेल, तर ती 'इन'मध्ये आलेली माहिती जशीच्या तशी पुढच्या वाद्याकडे पाठवते. या पद्धतीत कोणी मोठा नाही, कोणी लहान नाही. कोणतेही वाद्य कोणत्याही वाद्याशी थेट बोलू शकते. चाळीसहून अधिक वर्षे लोटली तरी ही गोल केबल आजही तितकीच उपयुक्त आहे.

यूएसबीची रीत निराळी

यूएसबी, म्हणजे युनिव्हर्सल सीरियल बस, ही पद्धत १९९६ साली आली. संगणकाला छपाईयंत्र, माउस, कॅमेरा इत्यादी साधने एकाच प्रकारच्या तारेने जोडता यावीत हा तिचा हेतू होता. पुढे १९९९ साली यूएसबीमधून मिडीच्या आज्ञा कशा पाठवाव्यात याचे प्रमाण नियम प्रसिद्ध झाले आणि कीबोर्डांच्या पाठीमागे यूएसबीची खाच दिसू लागली. मात्र यूएसबी जन्मतःच संगणकासाठी घडवलेली असल्याने तिच्यात समानता नाही. तिच्यात एक यजमान असतो, त्यास 'होस्ट' म्हणतात, आणि बाकीची सर्व साधने 'डिव्हाइस' असतात. संभाषणाचा आरंभ नेहमी यजमानानेच करायचा असतो. कोण आले आहे याची चौकशी तोच करतो आणि कोणी केव्हा बोलावे हेही तोच ठरवतो. डिव्हाइस आपण होऊन कधीही बोलत नाही.

लग्नाच्या पंगतीत दोघे जण समोरासमोर पान मांडून बसले आहेत, परंतु वाढपीच नाही, असे दृश्य डोळ्यांसमोर आणावे. दोघेही भुकेले आहेत, दोघांचीही पाने स्वच्छ आहेत, पण कोणीच वाढत नाही. दोन कीबोर्ड यूएसबी केबलने थेट जोडले असता नेमके हेच घडते. दोन्ही वाद्ये डिव्हाइस असतात. दोघेही यजमानाच्या हाकेची वाट पाहत राहतात आणि ती हाक कधीच येत नाही. वाद्य कितीही महागडे असो, केबल कितीही उत्तम असो, यजमानावाचून यूएसबीचे संभाषण सुरू होत नाही.

खाच ओळखावी कशी?

वाद्याच्या पाठीमागे पाहावे. जवळजवळ चौकोनी, वरचे दोन कोपरे किंचित कापलेली खाच असेल, तर ती टाइप-बी होय. अनेक वाद्यांवर तिच्याजवळ 'यूएसबी टू होस्ट' असे लिहिलेले असते. याचा अर्थ, ही तार यजमानाकडे न्यायची आहे आणि हे वाद्य स्वतः डिव्हाइस आहे. दुसरी, पेनड्राइव्ह बसतो तशी चपटी आयताकृती खाच असेल, तर ती टाइप-ए होय. तिच्याजवळ 'यूएसबी टू डिव्हाइस' असे लिहिलेले असते.

इथे मोठी फसगत होण्याचा संभव आहे. चपटी खाच पाहून 'हे वाद्य यजमान होऊ शकते' असे वाटते. तांत्रिकदृष्ट्या ती यजमानाचीच खाच असते, परंतु कीबोर्ड बनवणाऱ्यांनी बहुधा ती केवळ पेनड्राइव्हमधील फाइली वाचण्यासाठी दिलेली असते. दुसरे मिडी वाद्य तिच्यात जोडले तर ते तिला ओळखता येत नाही. अशी सोय असलेली वाद्ये आहेत, पण ती मोजकी. तेव्हा माहितीपुस्तिकेत तसे स्पष्ट लिहिलेले असल्याशिवाय त्या खाचेवर विसंबून राहू नये.

अलीकडील वाद्यांवर टाइप-सी ही लहान, दोन्ही बाजूंनी सारखी खाच आढळते. दोन वाद्यांवर एकसारखी खाच असल्याने ती थेट जोडता येतील असा समज होतो. तथापि खाचेचा आकार सारखा असला, तरी यजमान कोण हा प्रश्न शिल्लक राहतोच. शिवाय काही उपकरणांवरील टाइप-सी खाच केवळ वीज घेण्यासाठी असते, हेही पाहून घ्यावे.

तीन प्रसंग, तीन उपाय

पहिला प्रसंग असा की, दोन्ही वाद्यांवर पाच पिनांच्या गोल खाचा आहेत. मग यूएसबीचा नादच सोडावा. पहिल्याच्या 'आउट'मधून दुसऱ्याच्या 'इन'मध्ये साधी मिडी केबल जोडावी. काम तत्काळ होते, संगणक लागत नाही, ड्रायव्हर लागत नाही. ही केबल १५ मीटरपर्यंत लांब चालते, त्यामुळे गायकवृंदाच्या सज्जातून खाली ठेवलेल्या वाद्यापर्यंतही ती पुष्कळ ठिकाणी पोहोचते. यूएसबी २.० च्या केबलची मर्यादा मात्र ५ मीटर आहे.

दुसरा प्रसंग असा की, दोन्ही वाद्यांवर केवळ चौकोनी यूएसबी खाच आहे. येथे मध्ये यजमान हवाच. तो संगणक किंवा टॅबलेट असू शकतो, अथवा 'यूएसबी मिडी होस्ट' नावाची लहान पेटी असू शकते. संगणक वापरल्यास एक बाब विसरू नये. दोन्ही वाद्ये संगणकास जोडली म्हणजे ती परस्परांशी आपोआप बोलू लागतात असे नाही. एका वाद्याकडून आलेली आज्ञा दुसऱ्याकडे पाठवण्याचे काम एखाद्या संगीतविषयक प्रोग्रॅमला सांगावे लागते. आज्ञा येण्याचा मार्ग कोणता व जाण्याचा मार्ग कोणता, हे त्यात निवडावे लागते.

तिसरा प्रसंग आपल्याकडे वारंवार उद्भवतो. जुन्या वाद्यावर फक्त गोल खाचा आहेत आणि नव्या वाद्यावर फक्त यूएसबी आहे. दुकानात 'यूएसबी मिडी केबल' या नावाने एक स्वस्त वस्तू मिळते. तिच्या एका टोकास चपटा यूएसबी प्लग आणि दुसऱ्या टोकास दोन गोल प्लग असतात. ती पाहताच हाच पूल आपल्याला हवा होता असे वाटते आणि चपटा प्लग नव्या कीबोर्डाच्या चपट्या खाचेत बसतोही. परंतु ही केबल स्वतः एक डिव्हाइस आहे, ती संगणकासाठी बनवलेली आहे. कीबोर्ड तिला ओळखत नाही आणि पैसे वाया जातात. येथेही वर सांगितलेली होस्ट पेटीच उपयोगी पडते. नव्या वाद्याची चौकोनी खाच पेटीच्या चपट्या खाचेस जोडावी आणि पेटीच्या गोल 'आउट'मधून जुन्या वाद्याच्या 'इन'मध्ये केबल न्यावी. उलट दिशेने वाजवायचे असेल, तर जुन्याच्या 'आउट'मधून पेटीच्या 'इन'मध्ये केबल न्यावी. पेटी घेताना तिला आपले वाद्य चालते का, हे दुकानातच प्रत्यक्ष वाद्य नेऊन पाहणे श्रेयस्कर. कारण अशा पेट्या सामान्यतः प्रमाण नियम पाळणाऱ्या वाद्यांनाच ओळखतात.

ड्रायव्हरचा प्रश्न

प्रमाण नियम म्हणजे काय, तेही पाहू. १९९९ च्या नियमांप्रमाणे बनवलेल्या वाद्यास 'क्लास कम्प्लायंट' म्हणतात. असे वाद्य विंडोज, मॅक, आयपॅड वा अँड्रॉइड यांना जोडताच ओळखले जाते, वेगळा ड्रायव्हर बसवावा लागत नाही. परंतु काही वाद्ये, विशेषतः यूएसबीच्या आरंभीच्या वर्षांतील, आपल्याच कंपनीच्या ड्रायव्हरवर अवलंबून असतात. संगणकाची कार्यप्रणाली बदलली आणि कंपनीने नवा ड्रायव्हर दिला नाही, तर उत्तम स्थितीतील वाद्यही नव्या संगणकाला अनोळखी ठरते. अशा वाद्यावर गोल खाचा असतील, तर त्याचा यूएसबी मार्ग बंद झाला तरी गोल मार्ग खुला असतो. ते टाकून देण्याचे काहीच कारण नाही. 'यूएसबी मिडी केबल' येथे आपल्या योग्य स्थानी येते. तिचा चपटा प्लग संगणकात आणि गोल प्लग जुन्या वाद्यात घालावा. 'इन' आणि 'आउट' ही त्या केबलवरील नावे पुष्कळदा गोंधळात टाकतात. एका क्रमाने आवाज आला नाही, तर दोन्ही गोल प्लग अदलाबदल करून पाहावेत. त्याने कोणतेही नुकसान होत नाही.

काही वाद्यांच्या सेटिंगमध्ये यूएसबी ड्रायव्हरचा पर्याय असतो. त्यात एक पर्याय 'जेनेरिक' आणि दुसरा कंपनीच्या ड्रायव्हरचा असतो. आयपॅड, अँड्रॉइड किंवा होस्ट पेटीसाठी 'जेनेरिक' निवडावा आणि वाद्य बंद करून पुन्हा सुरू करावे, कारण हा बदल बहुधा पुन्हा सुरू केल्यावरच लागू होतो. तसेच काही वाद्यांत मिडीचा मार्ग यूएसबी की गोल खाच, यांपैकी एकच निवडावा लागतो. तोही तपासावा.

टॅबलेट व मोबाइलविषयी थोडे सांगावयास हवे. अँड्रॉइडमध्ये मिडीची अधिकृत सोय २०१५ साली आलेल्या ६.० या आवृत्तीपासून झाली. मोबाइलला यजमानाची भूमिका घेता यावी म्हणून ओटीजी अडॅप्टर लागू शकतो. जुन्या आयपॅडला कॅमेरा अडॅप्टरची गरज भासते. मोबाइल वाद्य ओळखत नसेल, तर जोडणीनंतर पडद्यावर येणाऱ्या यूएसबीच्या पर्यायांमध्ये 'मिडी' निवडण्याची सोय आहे का, ते पाहावे. शिवाय अनेक प्रोग्रॅम सुरू होतानाच जोडलेल्या वाद्यांची नोंद घेतात. म्हणून आधी वाद्य सुरू करून जोडावे आणि मगच प्रोग्रॅम उघडावा. विंडोजच्या पूर्वीच्या अनेक आवृत्त्यांत एक मिडी मार्ग एका वेळी एकाच प्रोग्रॅमला वापरता येई. तेव्हा जुन्या लॅपटॉपवर अन्य संगीत प्रोग्रॅम बंद करून पाहावे.

केबल आणि वीज

पुष्कळ वेळा दोष सर्वांत स्वस्त वस्तूत असतो. यूएसबी २.० च्या केबलमध्ये मुख्यतः चार तारा असतात. दोन विजेसाठी आणि दोन माहितीसाठी. मोबाइल चार्ज करण्याच्या काही केबलींत माहितीच्या दोन तारा नसतातच. अशा केबलने दिवा लागतो, पण संभाषण होत नाही. संशय आल्यास त्याच केबलने मोबाइल संगणकास जोडून छायाचित्रे पाहता येतात का, ते तपासावे. टाइप-बी खाचेसाठी छपाईयंत्राची केबल चालते, ती पॅरिश कार्यालयात बहुधा हाताशी असते.

स्वतःचा अडॅप्टर नसलेली लहान वाद्ये यूएसबीमधूनच वीज घेतात. संगणकाची यूएसबी २.० खाच ५०० मिलिअँपियरपर्यंत वीज देऊ शकते, मोबाइल व टॅबलेट पुष्कळदा त्याहून कमी देतात. वाद्य सुरू होऊन मध्येच बंद पडत असेल, तर स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब मध्ये जोडावा. वसईसारख्या किनारपट्टीवर खाऱ्या दमट हवेने धातूवर गंज चढतो, हेही विसरू नये. वाद्य बंद असताना प्लग दोन-चार वेळा काढून घातल्याने कधी कधी संपर्क सुधारतो. पावसाळ्यात वाद्य आणि केबली झाकून, कोरड्या जागी ठेवाव्यात.

आवाज येतो, पण भलताच!

जोडणी झाली आणि तरीही विचित्र प्रकार घडू लागले, तर खालील बाबी ध्यानात घ्याव्यात.

मिडीच्या एका मार्गात १६ चॅनेल असतात. पाठवणारा पहिल्या चॅनेलवर बोलत असेल आणि ऐकणारा तिसऱ्यावर कान लावून बसला असेल, तर शांतताच राहणार. दोन्हीकडे चॅनेल १ ठेवून आरंभ करावा. 'जनरल मिडी' या १९९१ च्या प्रमाणानुसार चॅनेल १० तालवाद्यांसाठी राखीव आहे. चुकून तो निवडला गेला, तर भक्तिगीताच्या पहिल्या स्वरालाच ढोल आणि झांजा वाजू लागतील!

आवाज निवडण्याच्या क्रमांकातही एक गंमत आहे. मिडीमध्ये आवाजांचे क्रमांक आतून ० ते १२७ असे मोजले जातात, पण पुष्कळ वाद्यांच्या पडद्यावर ते १ ते १२८ असे दिसतात. जनरल मिडीच्या यादीत चर्च ऑर्गनचा क्रमांक २० आहे, १९ व्या स्थानी रॉक ऑर्गन आणि २१ व्या स्थानी रीड ऑर्गन आहे. एका वाद्याची मोजणी शून्यापासून आणि दुसऱ्याची एकापासून असेल, तर मागितला चर्च ऑर्गन आणि मिळाला शेजारचा, असे होते. क्रमांक एकाने वाढवून वा कमी करून पाहिल्यास उत्तर सापडते.

प्रत्येक स्वर दुहेरी ऐकू येत असेल, तर 'लोकल कंट्रोल' हे सेटिंग पाहावे. कीबोर्डाची पट्टी थेट आपला आवाज काढते आणि तीच आज्ञा संगणकातून फिरून परत येते, म्हणून स्वर दोनदा वाजतो. अशा वेळी लोकल कंट्रोल बंद करावा. काम संपल्यावर तो पुन्हा सुरू करण्यास मात्र विसरू नये. नाहीतर रविवारी सकाळी केबल नसताना कीबोर्ड मुका होईल आणि तो 'बिघडला' अशी हाकाटी होईल.

एखादा स्वर थांबतच नसेल, तर पट्टी सोडल्याची आज्ञा पोहोचलेली नाही असे समजावे. वाजवत असताना केबल हलल्यास हे घडते. प्रोग्रॅममधील 'पॅनिक' बटण दाबावे किंवा वाद्य बंद करून सुरू करावे.

पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येत असेल, तर दोष बहुधा मिडीचा नसतो. गोल मिडी केबलमधून एका स्वराची आज्ञा जायला सुमारे १ मिलिसेकंद लागतो. विलंब संगणकाच्या ध्वनीप्रक्रियेत होतो. प्रोग्रॅममधील 'बफर' १०२४ वर असल्यास ४४,१०० च्या नमुना-दराला एकट्या त्या बफरचा विलंब सुमारे २३ मिलिसेकंद होतो, तो २५६ वर आणल्यास ६ मिलिसेकंदांखाली येतो. बिनतारी स्पीकर वापरल्यास विलंब आणखी वाढतो, म्हणून उपासनेत तो टाळावा.

घरघर आणि सुरक्षितता

लॅपटॉप जोडताच ध्वनिवर्धकातून घरघर ऐकू येणे, ही तक्रार सार्वत्रिक आहे. गोल मिडी केबलमध्ये आज्ञा ऐकणाऱ्या वाद्याच्या आत प्रकाशाच्या साहाय्याने पुढे जाते, त्यामुळे दोन वाद्यांत विजेचा थेट संबंध येत नाही. यूएसबीत तसे नसते. लॅपटॉपचा चार्जर, कीबोर्डाचा अडॅप्टर आणि मिक्सर यांच्या अर्थिंगचे वर्तुळ पूर्ण होते आणि घरघर सुरू होते. क्षणभर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवावा. घरघर थांबली, तर कारण सापडले. सर्व उपकरणे एकाच सॉकेटपट्टीवरून चालवावीत, किंवा ध्वनीच्या तारेत आयसोलेटर बसवावा. घरघर घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची तिसरी पिन काढणे वा तोडणे हा उपाय काही ठिकाणी केला जातो. तो कदापि करू नये. ओल्या हवेत, लोखंडी माइक हाती धरलेल्या गायकाच्या जिवाशी तो खेळ आहे.

तपासणीचा क्रम

गायकवृंदाच्या फलकावर लावता यावा, असा क्रम आम्ही येथे देत आहोत.

१. प्रथम ध्वनिवर्धकाचा आवाज कमी करावा.
२. प्रत्येक वाद्य एकेकटे वाजवून पाहावे. ते स्वतः धडधाकट आहे याची खात्री करावी.
३. खाचा पाहाव्यात. गोल खाचा दोन्हीकडे असल्यास त्याच वापराव्यात.
४. यूएसबी असल्यास 'यजमान कोण?' हा प्रश्न विचारावा. उत्तर मिळत नसेल, तर तेथेच थांबून होस्टची सोय करावी.
५. केबल बदलून पाहावी.
६. 'जेनेरिक' सेटिंग, मिडीचा मार्ग आणि चॅनेल तपासावेत.
७. आवाज ज्यातून निघणार, त्या वाद्याची ध्वनीची तार मिक्सरमध्ये आहे ना, ते पाहावे.
८. एका वेळी एकच बदल करावा आणि यशस्वी जोडणी कागदावर लिहून वाद्याच्या पेटीत ठेवावी.

शेवटची बाब क्षुल्लक वाटेल, पण वादक बदलतात, तरुण शिक्षणासाठी वा नोकरीसाठी दूर जातात, आणि त्यांच्यासोबत जोडणीचे ज्ञानही निघून जाते. कागदावरची एक आकृती पुढच्या पिढीचे कष्ट वाचवते. ही सर्व तपासणी मिस्सेच्या आधी अर्धा तास करण्याची नव्हे, सरावाच्या दिवशी निवांतपणे करण्याची आहे. प्रायश्चित्तकाळात, काही ठरावीक दिवस वगळता, वाद्यांनी केवळ गायनास साथ द्यावी असा उपासनेचा नियम आहे. वाद्यांचा भार हलका असलेले ते आठवडे या कामास उत्तम.

वाद्य आणि वादक

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली प्रसृत केलेल्या उपासनाविषयक संविधानाच्या १२० व्या परिच्छेदात पाइप ऑर्गनला मानाचे स्थान दिले आहे. उपासनेस साजेशी असतील आणि भाविकांच्या भक्तीस पोषक ठरतील, तर अन्य वाद्यांनाही अधिकाऱ्यांच्या संमतीने तेथे वाव दिला आहे. पाइप ऑर्गन आपल्या बहुतेक धर्मग्रामांच्या आवाक्याबाहेरचा आहे. जुना कीबोर्ड आणि नवे साउंड मॉड्यूल यांची योग्य जोडणी केली, तर त्याच्या नादाच्या जवळ जाता येते, तेही फारसा खर्च न करता.

तथापि मिडीमुळे एक मोहही उत्पन्न होतो. संगणकात गीत साठवून ठेवता येते आणि बटण दाबताच ते आपोआप वाजते. मग वादकाची गरजच काय, असा प्रश्न कोणी विचारील. १९५८ साली रोमच्या विधिविषयक मंडळाने काढलेल्या सूचनेत आपोआप वाजणाऱ्या यंत्रांना उपासनाविधीत मज्जाव केला होता. त्यामागील विचार आजही मननीय आहे. उपासना ही जिवंत माणसांनी परमेश्वराला केलेले अर्पण आहे. साठवलेले गीत सरावासाठी, नव्या गायकांना चाल शिकवण्यासाठी अवश्य वापरावे, परंतु वेदीसमोर वाजवणारा हात माणसाचा असावा.

म्हणूनच माळ्यावर धूळ खात पडलेल्या त्या जुन्या वाद्याकडे पुन्हा एकदा पाहावे, अशी धर्मग्रामांना आमची विनंती आहे. ते खाली आणावे, पुसावे, एकटे वाजवून पाहावे. त्याला योग्य केबल आणि योग्य यजमान लाभला, तर ते अजून कित्येक वर्षे सेवा करील. आणि दुसऱ्या संचाची खरोखर गरज नसेल, तर ते वाद्य शिकू इच्छिणाऱ्या एखाद्या मुलाच्या घरी द्यावे. गायकवृंदाला उद्या वादक हवा असेल, तर त्याच्या हाताला आज पट्ट्या मिळायला हव्यात.